आधी ब्रेक ऑइल बदला, मग बघू

ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी एखादा तरी माझ्या डेस्कपाशी येतो, खुर्ची ओढतो आणि आवाज खाली करून बोलायला लागतो. चेहरा असा, की प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलंय आणि मॅनेजरला अजून कळलेलं नाही. विषय मात्र भलताच निघतो. "तू कोइमतूरला ट्रॅकवर गाडी नेली होतीस ना? मीही जाणारे. त्याआधी ब्रेक अपग्रेड करतोय. मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर. लाल."

'लाल' हा शब्द तो सगळ्यात शेवटी उच्चारतो, पण खरं मन तिथेच असतं. अलॉय व्हीलच्या काड्यांमधून लाल कॅलिपर दिसला की पार्किंगमध्ये गाडीचं वजन वाढतं, हे मलाही कळतं. गेल्या आठवड्यात आलेल्या मित्राने किटची किंमत लाखाच्या वर सांगितली. मी त्याला एकच प्रश्न विचारला. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?

"ते बदलायचं असतं?"

तर मंडळी, ह्या वीकांताचा लेख त्या प्रश्नावर. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना थांबायला नको. रोज ऑफिसला नेण्याची साधी गाडी वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर न्यायची असेल, तर डिस्क आणि कॅलिपरला हात लावू नका. ऑइल बदला, पॅड बदला, आणि परत आल्यावर ते पॅड काढून जुने घाला. ह्या वाक्याचा शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो मी कोइमतूरला शिकलो नाही. तो शिकलो सालेकसाला, आईबाबा गाडीत असताना.

आधी कोइमतूर.

पुण्याहून कोइमतूर म्हणजे बाराशे किलोमीटरच्या घरात. गावाबाहेर चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. 'करी' म्हणजे एस. करिवर्धन. मारुती ८०० चं इंजिन घालून एकट्याने बसायची फॉर्म्युला मारुती तयार करणारा माणूस. आपल्याकडे कित्येक मुलांनी खरी रेसिंग गाडी पहिल्यांदा चालवली ती त्याच्यामुळे. १९९५ साली तो विमान अपघातात गेला, आणि पुढे हा ट्रॅक त्याच्या नावाने उभा राहिला. शर्यती नसतात तेव्हा तिथे ट्रॅक डे होतात. पैसे भरा, हेल्मेट घाला, स्वतःची गाडी पळवा. समोरून ट्रक येत नाही, कुत्रं आडवं येत नाही, राँग साइडने कुणी भाजीची हातगाडी आणत नाही. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला पहिली दहा मिनिटं हेच अजीर्ण होतं.

माझी गाडी म्हणजे सेकंडहँड हॅचबॅक. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा काडीचा दोष नव्हता. वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन ८५ अश्वशक्तीचं, पुढे डिस्क, मागे ड्रम. जानेवारी २०२४ मध्ये मी पहिल्यांदा गेलो. गाडी जशी होती तशीच. टायरमध्ये हवा भरली, डिकी रिकामी केली, झाली तयारी.

पहिल्या तीन फेऱ्या स्वर्ग. चौथ्या फेरीत सरळ पट्टा संपताना पाय दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं. मला वाटलं भास. पाचव्या फेरीत त्याच जागी पेडल थेट फ्लोअरला टेकलं. म्हणजे अक्षरशः बूट मॅटला लागला आणि गाडी आहे त्याच वेगात. मी घाबरून दोन-तीनदा पंप केलं, तिसऱ्यांदा थोडा दाब आला, तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी गवतात गेली, धूळ उडाली, थांबली. काही तुटलं नाही. ट्रॅकला कडेला मोकळी जागा ठेवतात ती अशाच दिवट्यांसाठी.

पिटमध्ये आल्यावर एका वयस्क मेकॅनिकने बॉनेट उघडायला लावलं, ऑइलच्या डबीत डोकावून बघितलं आणि माझ्याकडे बघून हसला. ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. आधीच्या मालकाने कधी बदललं होतं देव जाणे, मी तर कधीच नाही. वर्षातून दोनदा इंजिन ऑइल बदलणारा मी, ब्रेकचं ऑइल बदलतात हे माहीत नसलेला निघालो. (म्हणून वरच्या मित्राला मी हसलो नाही.)

झालं काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आपण 'ब्रेक मारतो' म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो, बाकी काही नाही. बारावीचं सूत्र आठवा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. सगळी गंमत त्या वर्गात आहे. हजार किलोची गाडी सिग्नलला ६० च्या वेगावरून थांबवली तर साधारण १.४ लाख ज्यूल उष्णता निघते. ट्रॅकवर तीच गाडी १२० वरून ६० वर आणली तर ४.२ लाख ज्यूल. वेग दोन्ही वेळा ६० नेच कमी झाला, उष्णता तिप्पट. सव्वा लिटर पाणी माठातून काढून उकळीला आणायला लागते तेवढी ऊर्जा, आणि ती दोन-सव्वादोन सेकंदांत. हिशेब केला तर त्या दोन सेकंदांत ब्रेक जवळजवळ २०० किलोवॅटने काम करत असतात. इंजिनाची सगळी ताकद ६२ किलोवॅट! ब्रेक हा गाडीतला सगळ्यात ताकदवान भाग आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

ही उष्णता जाते कुठे? साधारण सत्तर टक्के भार पुढच्या ब्रेकवर येतो. पुढच्या दोन डिस्क मिळून आठ-दहा किलो बीड. एका दाबात त्यांचं तापमान ६०-७० अंशांनी चढतं. ते उतरायला वारा आणि वेळ लागतो. शहरात दोन सिग्नलच्या मध्ये तो मिळतो. ट्रॅकवर दीड मिनिटाच्या फेरीत असे चार-पाच मोठे दाब, आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. डिस्क तापते, तिच्यामुळे पॅड, पॅडमुळे कॅलिपरचा पिस्टन, आणि पिस्टनच्या मागे असतं ऑइल.

आता ऑइलची भानगड. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं, आपलं मीठ पावसाळ्यात घेतं तसं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. ओल धरलेलं असेल तर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. उकळलं की वाफेचे बुडबुडे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडलवर दिलेला जोर बुडबुडे चेपण्यात संपतो आणि पॅडपर्यंत काही पोचत नाही. बूट मॅटला.

(डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं ऑइल असतं. ५.१ शी नामसाधर्म्य असलं तरी ते वेगळं प्रकरण आहे, दोन्ही एकमेकांत मिसळायची नाहीत. हे नामकरण ज्याने केलं त्याने पुढे सॉफ्टवेअरची व्हर्जनं ठरवली असावीत.)

दुसरा प्रकार असतो पॅडच हार मानण्याचा. पॅडमधलं चिकटद्रव्य फार तापलं की त्यातून वायू निघतो, घर्षण घटतं. तेव्हा पेडल मात्र दगडासारखं घट्ट राहतं. तुम्ही दोन्ही पायांनी उभे राहिलात तरी गाडी निवांत. पेडल खाली गेलं तर ऑइल, घट्ट राहून गाडी थांबली नाही तर पॅड. हा फरक लक्षात ठेवा, कारण इलाज वेगवेगळे आहेत. आणि ह्या दोन्हींत डिस्कचा आकार हा पहिला इलाज नाही.

इथे मित्र म्हणतो, "पण मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबते ना?" नाही थांबत. एक साधा प्रयोग करा. मोकळ्या, सुरक्षित जागी वेगात असताना पेडल जोरात दाबा. पायाखाली एबीएसची थरथर जाणवली? म्हणजे तुमचे आताचेच ब्रेक चाक अडवायला पुरेसे आहेत, पुढे मर्यादा टायरची आहे. गाडीला शेवटी थांबवतो तो रस्त्याला टेकलेला चार तळहातांएवढा रबर. मोठी डिस्क तुम्हाला पहिला दाब आखूड करून देत नाही. ती पंधरावा दाब पहिल्यासारखा ठेवते, कारण तिच्यात लोखंड जास्त आणि हवेला पृष्ठभाग जास्त.

ह्याचा इतिहासातला दाखला सुंदर आहे. १९५३ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत. सगळ्यांकडे ड्रम ब्रेक, जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. ड्रमवाले लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक जपून वापरत होते, कारण रात्रभर ते टिकवायचे होते. जॅग्वारवाले विसाव्या तासालाही पहिल्या तासासारखा ब्रेक मारू शकत होते. ड्रम थांबवत नव्हते असं नाही. सारखे सारखे थांबवत नव्हते.

आपल्या साध्या गाडीचे ब्रेक बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं. मोटारींच्या ब्रेकसाठी युरोपचा आर १३-एच नावाचा नियम आहे. त्यात तापलेल्या ब्रेकची वेगळी परीक्षा असते: गाडीच्या कमाल वेगाच्या ८० टक्क्यांवरून (पण १२० च्या वर नाही) निम्म्या वेगावर, असं १५ वेळा, दर ४५ सेकंदांनी एकदा. त्यानंतर लगेच ब्रेक मारून बघायचा, आणि थंड असताना जेवढा लागला होता त्याच्या किमान ६० टक्के तरी लागला पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला माझ्या गाडीविषयी एकदम आदर वाटला. आणि हेही कळलं, की ४५ सेकंदांच्या हिशेबाने घडवलेल्या वस्तूला मी दर वीस सेकंदांनी, तेही कुजलेल्या ऑइलवर, कामाला लावलं होतं.

मोठं किट वाईट असतं असं मी म्हणत नाही. दीड टनाची टर्बो सेडान असेल, चिकट टायर असतील, वीस-वीस मिनिटं सलग पळवायची असेल, तर लोखंड वाढवावंच लागतं. पण नुसतं पुढचं किट बसवलं की पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने जमवलेला तोल बिघडतो. पिस्टन मोठे झाले की जुन्या मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल लांब जातं. चाकं मोठी घ्यावी लागतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल काय म्हणतं तेही वाचून ठेवा. आणि तुमची विमा पॉलिसी काढून बघा. शर्यत आणि वेगचाचणी साधारणपणे त्यातून वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. ह्या सगळ्याला तयार असाल तर घ्या लाल कॅलिपर. मला फक्त क्रम चुकलेला दिसतो. हजार-दीड हजाराचं काम बाकी असताना लाखाचं करायचं, हा आपल्या प्रोजेक्टमधलाच रोग. डेटाबेसला इंडेक्स नाही आणि आपण नवा सर्व्हर मागतोय.

(मध्येच एक सांगतो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा होतात, तिथे गाडी नेलेले लोक म्हणतात की ब्रेकचं काही वाटत नाही. वाटणारच नाही. एकदा सरळ पळायचं, शेवटी एकदा थांबायचं, मग अर्धा तास रांगेत. एका दाबाला कुठलाही धड ब्रेक पुरतो.)

तर मी दुसऱ्यांदा गेलो सप्टेंबर २०२५ मध्ये. ह्या खेपेला नवं डॉट ५.१ भरलं, सगळी हवा काढून. पुढे ट्रॅकसाठीचे पॅड घातले, ते ठरलेल्या पद्धतीने डिस्कवर बसवले: मध्यम वेगावरून आठ-दहा दाब, पूर्ण न थांबता, मग थंड होईपर्यंत सावकाश चालवणं. पाच फेऱ्या जोरात, एक फेरी ब्रेक न वापरता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, पाय पेडलवर ठेवून थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी छाप सोडतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. गाडी गिअरमध्ये आणि चाकाखाली दगड. अख्खा दिवस पेडल एक मिलिमीटर खाली गेलं नाही. एकूण खर्च त्या लाखाच्या दहाव्या हिश्श्यातही नव्हता. मी स्वतःवर भयंकर खूश.

संध्याकाळी जुने पॅड परत घालायचे होते. ते वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले होते. पण अंधार पडला, मला रात्रीच निघायचं होतं, म्हटलं पुण्यात घालू. पुण्यात रिलीज आली. मग दुसरी रिलीज आली. मग दिवाळी.

दिवाळीला मी सालेकसाला जातो. ज्यांना माहीत नाही (म्हणजे पुण्यातल्या जवळजवळ सगळ्यांना) त्यांच्यासाठी: गोंदिया जिल्हा, महाराष्ट्राचं पूर्वेचं टोक. हावडा-मुंबई लाइनवर आमचं स्टेशन, त्याच्यापुढे दरेकसा, बोगदा, आणि पलीकडे छत्तीसगडचं डोंगरगड. धानाचा मुलूख आणि जंगल. माघात कचारगडच्या गुहांपाशी गोंडी भाविकांची मोठी जत्रा भरते, तेवढे दिवस आमच्या भागाचं नाव पेपरात येतं.

पुण्याहून नऊशेच्या आसपास किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा शिर्डी-नागपूर टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून प्रवास फार सोपा झाला. पण त्या रस्त्याचं वैशिष्ट्य असं, की १२० च्या मर्यादेत क्रूझवर गाडी लावली तर तासन् तास ब्रेकला पाय लागत नाही. मी आरामात घरी पोचलो आणि पॅडचं मला काही आठवलं नाही. आठवण्यासारखं काही घडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जायचं होतं. रात्रभर दव पडलेलं, काचेवर पाणी. बाबा पुढे बसले, आई मागे डब्यांसकट. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे कोड रिव्ह्यूच, फक्त ते कॉमेंट लिहीत नाहीत, नुसता श्वास सोडतात.

घरापासून दोन-तीन किलोमीटर गेलो असेन. दोन्हीकडे बांध्या, काही कापलेल्या, काही उभ्या. वेग साठच्या आतबाहेर. डावीकडच्या बांधीतून एक ट्रॅक्टर धानाचे भारे लादलेली ट्रॉली घेऊन थेट रस्त्यावर आला. त्याने बघितलं नाही, किंवा बघितलं आणि मी थांबेन असं धरलं. तिकडे तसंच असतं, आणि माणसं थांबतातही. मी ब्रेक दाबला.

काही झालं नाही. म्हणजे पेडल घट्ट, कोइमतूरसारखं खाली वगैरे गेलं नाही. पण गाडीने ऐकलंच नाही. जणू बिडावर लाकडाची पट्टी घासतोय. मी आणखी दाबलं, मग सीटला पाठ रेटून दाबलं, आणि मग कुठे पॅड धरायला लागले. एबीएस थरथरलं, मागे आईचा डबा सांडला. ट्रॉलीच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. बॉनेटवर धानाच्या चार लोंब्या पडल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून बघितलं आणि गेला.

ट्रॅकचे पॅड असेच असतात, त्यांच्यात काही बिघाड नव्हता. ते तापल्यावर काम करण्यासाठीच बनवलेले असतात. कोइमतूरला तिसऱ्या-चौथ्या दाबाला ते आपल्या तापमानाला पोचले आणि दिवसभर तिथेच राहिले. सालेकसाच्या सकाळी पहिलाच दाब, दवाने ओल्या झालेल्या थंड डिस्कवर. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, रस्त्यावर वापरू नये म्हणून. मी ते वाचलं होतं. ट्रॅकवर ब्रेक गेले तेव्हा कडेला गवत होतं, हेल्मेट होतं, आणि गाडीत एकटा मी होतो.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काहून बाबू, बिरेक नवीन टाकले का?"

मी म्हटलं, हो, रेसचे टाकलेत. चांगले आहेत, पण गरम व्हावे लागतात.

"म्हणजे आधी गरम कराचे, मग थांबाचं?"

आता ह्याला काय उत्तर देणार? मी गाडी वळवली. आईला म्हटलं उद्या जाऊ. ती काही बोलली नाही, सांडलेला चिवडा गोळा करत होती.

घरी येऊन अंगणात गाडी जॅकवर चढवली, डिकीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. बाबा खुर्ची टाकून बसले. बोलता बोलता त्यांनी त्यांच्या एसटीच्या दिवसांतलं सांगितलं. लादलेली बस उतारावर नुसती ब्रेकवर आणली तर ड्रम तापून वास यायला लागतो आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक नावापुरता उरतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, वेग इंजिनाने धरायचा. "बिरेक थांबाले असते, उतराले नसते," असं ते नव्या ड्रायव्हर पोरांना सांगत. मी दोन लेखांत आणि एका स्प्रेडशीटमध्ये जे शिकलो, ते त्यांना वासावरून माहीत होतं. ग्लायकॉल नाही, ज्यूल नाही. उष्णता साठते आणि ती साठू द्यायची नाही, एवढंच.

मात्र त्यांचंही एक चुकलं. मी म्हटलं हवा काढून घेतो, ऑइल ताजं आहे तरी एकदा बघू. ते म्हणाले, ऑइल कशाला, डबी तर भरलेली आहे. ऑइल भरलेलं असणं आणि चांगलं असणं ह्यात फरक असतो, हे मी त्यांना समजावलं तर त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. त्यांच्या बसचे ब्रेक हवेवर चालत. तिथे हवा लागतेच, इथे ती शत्रू. बापलेकांत एवढा मतभेद चालायचाच :)

जुने पॅड बसायला वेळ लागला नाही. डिस्कवर ट्रॅकच्या पॅडचा थर बसलेला होता, तो पॉलिश पेपरने घासला. मग बाबांना आत बसवलं, मी चाकापाशी पाना घेऊन. ते पेडल दाबून धरणार, मी स्क्रू सैल करणार, बुडबुडे येतात का बघणार, बंद करणार, मग त्यांनी सोडायचं.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा… सोडा."

चारही चाकं झाली. त्यानंतर बाबा उतरले नाहीत. किल्ली मागितली, एकटेच गाडी घेऊन आमगावच्या रस्त्याला गेले आणि वीसेक मिनिटांनी परत आले. गाडी लावली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून पुढच्या चाकाजवळ वाकून वास घेतला.

"आता ठीक हाय," म्हणाले. मग आईला हाक मारून सांगितलं, की उद्या सहाला निघू, गाडी मी चालवीन.